रेजिनाबाईंचा पेरू

त्या फ्लॅटमध्ये शिरायचं म्हणजे आधी पाय उचलावा लागे. दार उघडलं की उंबऱ्याला लागूनच एक निळी पत्र्याची ट्रंक आडवी पडलेली असायची. पोस्टमन, मीटर बघायला येणारा माणूस, चर्चमधल्या बायका, सगळ्यांनी तिच्यावर एकदा तरी नडगी आपटून घेतली होती. आम्ही सिडनीत हॅरिस पार्कच्या त्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याच दिवशी आमचा फ्यूज उडाला. फ्यूजची पेटी कुठे असते ते विचारायला मी खाली गेले आणि माझीही नडगी आपटली. "आई गं!" म्हणून मी कळवळले, तर आतून, अगदी जमिनीलगतून आवाज आला, "मराठी का गं तू? ये, ये. ट्रंक राहणार तिथेच. मी जाणारेय ना."

पुढचं दीड वर्ष रेजिनाबाई अशाच जाणार होत्या. आंबे पिकायच्या आत जाणार होत्या. आंबे पिकून संपले, मग काजूच्या आत. कुठले आंबे आणि कुठले काजू, हे मला कळायला चार-पाच चहा लागले. आंबे मोझांबिकचे होते आणि ट्रंक तिकडे जायला निघालेली होती.

बाई मूळच्या वसईच्या. गावातल्या बालवाडीत त्यांनी उभं आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. धाकटा भाऊ बस्त्याव सिडनीत ड्राफ्ट्समन होता. त्याची बायको वारली तेव्हा त्याला सोबत म्हणून घरच्यांनी बाईंना ऑस्ट्रेलियाला धाडलं. सोबत करणं हे काही बाईंना फारसं जमणारं काम नव्हतं. नऊ वाजता ऑफिसात जाऊन सहाला परत येणाऱ्या, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करणाऱ्या माणसाला सोबत ती काय करायची? वर्षभरात त्यांनी पॅरिशच्या मिशन कमिटीत नाव घातलं. मोझांबिकमधलं लांबलेलं युद्ध तेव्हा नुकतं थांबलं होतं आणि तिथल्या खेड्यांत लहान मुलांच्या शाळा सुरू करायला मिशनला कोणीतरी हवं होतं. रविवारी चर्चमध्ये मिसेनंतर तशी घोषणा झाली आणि बाईंनी बाकावरूनच हात वर केला. शेजारी बसलेल्या बस्त्यावकाकांना वाटलं, हिला खिडकी उघडायची आहे.

कमिटीच्या प्रमुख मिसेस हार्टली. गोड बाई, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी. तिने विचारलं, "तिथे पोर्तुगीज लागेल, रेजिना. येतं का?"

"अर्धं येतं," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. चावी, बादली, साबण, पाव, काजू, बटाटा, अननस, पपई, फीत, पिंप, घमेलं. हे सगळे शब्द पोर्तुगीजांनी वसईला आणून सोडलेले, हे त्यांना बालवाडीतल्या एका जुन्या फादरने सांगितलं होतं. लहान मुलांच्या शाळेत याहून जास्त लागतंच काय? मिसेस हार्टली फार प्रभावित झाली. या अर्ध्या भाषेने पुढे जो घोळ घातला तो बाई स्वतःच रंगवून सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी हसून हसून त्यांनाच खोकला यायचा.

शाळा आंब्याखाली भरायची. तिकडे अशा शाळेला 'इश्कोलीन्या' म्हणतात, म्हणजे शाळुली. बाईंनी पहिल्याच आठवड्यात आयांना जमवलं आणि सांगितलं की उद्या प्रत्येक मुलाने घरून एक पेरू आणायचा. हाताने गोल आकार दाखवला, पोटावर हात फिरवून दाखवला. गावात झाडं तर वाकली होती पेरूंनी. मुलांनी ते मोजावेत, वास घ्यावा, कापून वाटून खावेत, असा साधा बेत. आया एकमेकींकडे बघत उठल्या.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली एकही मूल नाही.

बाई बसून राहिल्या. ऊन वर आलं तशी लांबून एक म्हातारी येताना दिसली. एका हाताला नातू, आणि दुसऱ्या काखेत भलामोठा, गळ्याखाली लाल कातडीची लोळी लोंबणारा, संतापलेला पक्षी. तिने तो बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि घाम पुसला. टर्की. पोर्तुगीजमध्ये 'पेरू' म्हणजे टर्की. आपल्या पेरूला ते 'गोयाबा' म्हणतात. नव्या बाईने प्रत्येक घरातून एकेक टर्की मागितली होती, आणि जिथे कोंबडी असली तरी खूप, तिथे बिचाऱ्या आयांनी लाजेने मुलं घरी ठेवली होती. म्हातारीने मात्र मुलाच्या लग्नासाठी राखलेली टर्की आणली होती, कारण नातवाने शिकावं असं तिला वाटत होतं.

"मग परत केलीत?" मी विचारलं.

"करायला गेले तर ती भांडायला उठली. म्हणाली, दिलेलं परत घेऊ? कापून खायचा तर माझा जीव होईना. मग ठेवला शाळेतच. त्याला बघायला संध्याकाळपर्यंत सगळी मुलं हजर." हे सांगताना बाई डोळे पुसायच्या. "नाव काय ठेवलं असेल पोरांनी त्याचं? गोयाबा! म्हणजे आपला पेरू! अगं, सगळ्या गावाला कळलं होतं बाईचं काय चुकलं ते."

बाई दिसायला कशा होत्या हे सांगायचं राहिलं. बुटक्या, रुंद, केस मागे घट्ट बांधलेले. सुती फ्रॉकवर त्या कमरेला तिकडचं मोठं छापील कापड गुंडाळायच्या, कापुलाना म्हणतात त्याला. त्या वेषात त्या हॅरिस पार्कातल्या देशी दुकानात जात. तेव्हा तिथे अशी एक-दोनच दुकानं होती. दुकानदार त्यांना "आंटीजी, ये कहाँ का फॅशन है?" असं विचारायचा. त्या म्हणत, "तुम्हारे बाजू का नहीं है," आणि मसूर निवडून घेत. खिशात नेहमी बाटल्यांची बुचं. फुटपाथवर, पार्कात, बस स्टॉपवर बूच दिसलं की वाकून उचलायचं. छातीचं ऑपरेशन झालेलं, वाकायला मनाई, तरी वाकायचं. आणि खुर्चीत बसायचं नाही. घरात सोफा होता, दोन बऱ्या खुर्च्या होत्या, पण बाई कायम जमिनीवर. डोळे वर करून माझ्याशी बोलत आणि शेवटी मलाच अवघडून खाली बसावं लागे.

त्यांचा एक नियम होता. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, ते मुलाला विचारायचं नाही. हा रंग कुठला, हे किती, गाय कशी ओरडते, असलं काही त्यांच्यासमोर कोणी मुलाला विचारलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "का? तुला दिसत नाही का रंग?" त्या विचारायच्या. मुलाच्या शेजारी बसावं, हाताला काहीतरी खरं काम घ्यावं आणि गप्प राहावं. मूल बोलेल तेव्हा बोलेल. आपण "हं" म्हणावं. एवढीच त्यांची शिकवण्याची पद्धत आणि त्याबाबतीत त्या महा हट्टी होत्या.

पॅरिश हॉलमध्ये त्यांचं भाषण झालं, तेव्हा याचा प्रत्यय सगळ्यांना आला. मिसेस हार्टलीने मला नि माझ्या मुलीला, केतकीलाही बोलावलं होतं. मंचावर पडदा लावलेला, स्लाइड्सचं मशीन तयार. लोकांना हडकुळी मुलं आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी अपेक्षित होत्या. बाई मंचावर गेल्याच नाहीत. हॉलच्या मधोमध कापुलाना पसरून त्यावर बसल्या, बुचं ओतली आणि दोऱ्यात ओवू लागल्या. एक शब्द नाही. लोक खाकरले. खुर्च्या करकरल्या. मिसेस हार्टली तीनदा हसली. शेवटी पहिल्या रांगेतले एक पोक्त गृहस्थ, टाय लावलेले, कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले आणि त्यांनी एक बूच उचललं. मग त्यांची बायको. मग दोन-चार पोरं. हॉलमध्ये नुसता बुचांचा आवाज. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ म्हणाले, "माझी आई अशी बटणं ओवायची." बाई म्हणाल्या, "हं." झालं भाषण.

"लव्हली, रेजिना," मिसेस हार्टली नंतर चहा देताना म्हणाली, "पण स्लाइड्स राहिल्या ना गं."

माझी केतकी तेव्हा चार वर्षांची होती. तिला आम्ही चाइल्डकेअरमध्ये घातलं आणि महिन्याभरात ती बोलायची बंद झाली. तिकडे इंग्रजी येत नाही म्हणून गप्प, आणि घरी येऊन मराठीही गप्प. मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते. रोज संध्याकाळी ट्रेनमधून उतरून तिला घेतलं की माझी सरबत्ती सुरू व्हायची. काय खाल्लंस, कोण आलं होतं, हा रंग कुठला, सांग ना सोन्या, आईला सांग ना. ती माझ्या पलीकडे कुठेतरी बघायची. डॉक्टर म्हणाले, नो वरीज, वाट बघा. मला रात्रभर झोप नसायची.

"शनिवारी तिला माझ्याकडे ठेव," बाई म्हणाल्या. "मटार सोलायचे आहेत."

फ्लेमिंग्टनच्या मार्केटमधून त्या मटारची पिशवी आणायच्या. जिन्याच्या खालच्या पायरीशी दोघी जमिनीवर बसायच्या, मध्ये पातेलं. मी वरच्या पायरीवर, भिंतीआड लपून. पहिल्या शनिवारी केतकीने शेंगेला हातही लावला नाही. दुसऱ्या शनिवारी सोलल्या. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी तिने एक शेंग उघडली, नाकाजवळ नेली आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "ह्याच्यात अळी आहे."

मी उडालेच. ओरडत खाली धावणार, तेवढ्यात बाईंनी वर न बघताच माझ्या दिशेने हात केला, रस्त्यावर पोलीस गाड्या थांबवतो तसा. मी होते तिथेच बसले आणि तोंडावर पदर, म्हणजे कार्डिगनची बाही, दाबून रडले.

"हं," बाई केतकीला म्हणाल्या. "टाक तिकडे."

केतकीने अळी टाकली. मग ती अळी कुठे जाईल, तिची आई कुठे असेल, असं काय काय ती बोलत राहिली. बाई "हं" म्हणत राहिल्या.

अशी बाई सिडनीत अडकून पडली होती. मोझांबिकमध्ये तिसऱ्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. मिशनने इकडे आणलं, हृदयाची एक झडप बदलली. ऑपरेशन छान झालं. आता कायम रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायची आणि गोळी कमी-जास्त होऊ नये म्हणून रक्त तपासत राहायचं. त्यांच्या रक्ताची नळी आमच्याच लॅबमध्ये यायची. ज्या गावात त्यांना परत जायचं होतं, तिथून अशी लॅब दोन दिवसांच्या वाटेवर. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कमिटी तिकीट काढणार नव्हती.

बाईंनी सगळ्यांशी भांडून पाहिलं. मिसेस हार्टलीशी भांडल्या, डॉक्टरांशी भांडल्या. एकदा माझ्याशी.

"तुमचं ते मशीन केवढं असतं? ट्रंकेत मावेल?"

"नाही हो, बाई."

"मग गोळीच सोडते."

"सोडलीत तर झडपेवर गाठ धरेल. ती मेंदूत गेली तर हात-पाय जातील, नाहीतर तुम्हीच जाल."

त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुला माहीत नाही पोरी. तिकडे आता अल्झिरा आहे एकटी. एकोणीस वर्षांची पोर. जीव लावते मुलांना, पण तिची जीभ थांबत नाही. सारखं आपलं हे काय, ते काय, सांगा, मोठ्याने सांगा. ती ज्या शाळेत मार खाऊन शिकली तसंच. मुलं दोन दिवस येतील, चार दिवस येतील. मग कशाला येतील? मी आणखी एक वर्ष तिच्याजवळ बसले असते ना, तर ती गप्प बसायला शिकली असती."

गप्प बसणं हे पत्रात लिहून कसं शिकवायचं? बाईंनी कॅसेट भरायला घेतल्या. बस्त्यावकाकांच्या टेपरेकॉर्डरवर, त्यांच्या त्या अर्ध्याच्या आता पुऱ्या झालेल्या पोर्तुगीजमध्ये, अल्झिराला सांगायच्या की शेजारी कशी बस, हाताला काय काम घे. मध्येच मागून ट्रेन जायची, मध्येच काका बहिणीला विचारायचे, "बाय, मासे तळू का?" तेही कॅसेटमध्ये जायचं. तिकडे जाणारा कोणी फादर मिळाला की त्याच्या बॅगेत कॅसेट.

काकांचं मला कधीकधी फार वाईट वाटे. ते रोज सकाळी ऑफिसला निघताना ट्रंक ओलांडायचे आणि दारातून विचारायचे, "बाय, राहणार ना?" बाई आतून म्हणायच्या, "जाणार." एवढं झालं की ते स्टेशनकडे चालू लागायचे. ट्रंक बाजूला सरकवावी, असं त्या माणसाच्या मनात कधी आलं नाही. निदान हाताने त्यांनी ती सरकवली नाही.

मग एका शनिवारी दुपारी तिकडून आलेल्या फादरांनी एक कॅसेट आणून दिली. बाईंनी मला नि केतकीला खाली बोलावून घेतलं. काकांनी कॅसेट घातली, बटण दाबलं. आधी खरखर. मग एकदम खोलीभर जबरदस्त गुलुगुलुगुलु.

"व्हॉट्स दॅट?" केतकी दचकून म्हणाली.

"पेरू," बाई म्हणाल्या.

"नो, इट्स नॉट."

"अगं, पेरूच तो. आहे अजून मेला!"

मुलांचा गलका झाला, एक गाणं झालं. मग अल्झिराचा आवाज, काहीतरी चार शब्द. बाईंच्या कपाळाला आठी पडली. आता ती विचारणार, हे काय, ते काय. आणि मग आवाज थांबले. टेप नुसती फिरत राहिली.

आम्ही बघत राहिलो. काका म्हणाले, "पुढे भरलेलंच नाही वाटतं," आणि त्यांनी बटणाकडे हात नेला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नको. संपलेलं नाही."

मी कान दिला. लांब कुठेतरी कावळा ओरडत होता. कोणीतरी खोकलं. आणि अगदी जवळ, मधूनमधून, बारीक, कुडकुड, कुडकुड. शेंगा. कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतं. खूप जणं मिळून, काही न बोलता. किती वेळ चाललं ते कोण जाणे. बाईंनी मनगट सोडलं नव्हतं. मग एक इवलासा आवाज आला, मकुवा बोलीत, दोन-तीन शब्द.

"काय म्हणाली?" मी कुजबुजले.

"म्हणते, ह्याच्यात दाणाच नाही."

त्यावर अल्झिराचा आवाज आला. "हं." एवढंच. पुन्हा कुडकुड.

"गप्प बसली," बाई म्हणाल्या. "बस्त्याव, ती गप्प बसली रे!" आणि कापुलानाचं टोक डोळ्यांना लावून त्या मोकळेपणी रडू लागल्या. मीही रडले, मला आवरलंच नाही. केतकी सगळ्यांकडे बघून म्हणाली की शेंगा संपल्या म्हणून रडायचं नसतं.

टेप खरंच संपली. काका जरा वेळ बटणाशी चाळा करत बसले, मग अडखळत म्हणाले, "पण बाय, तुझं नाव नाही काढलं गं कोणी. कधी येणार म्हणून विचारलं नाही."

"नाही ना काढलं?" बाईंनी नाक पुसलं. "तेच तर हवं होतं." त्यांनी कापुलानाचं टोक पुन्हा कमरेला खोचलं. "एकदा काढलं असतं तरी चाललं असतं म्हणा."

त्यानंतर महिनाभरात माझ्या नवऱ्याची मेलबर्नला बदली झाली. निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि मी निरोप घ्यायला बाईंच्या दारात गेले. सवयीने पाय उचलला. पाय रिकाम्या जागेवर पडला आणि मी जवळजवळ तोल जाऊन आत गेले.

आत बस्त्यावकाका जमिनीवर बसले होते. ऑफिसची पँट, सोफ्याला टेकलेली पाठ, लांब पसरलेले पाय, कारण मांडी त्यांना घालता येत नव्हती. समोर बाई. मध्ये पातेलं. दोघंही गप्प, नुसत्या मटारच्या शेंगा उघडण्याचा आवाज. केतकी माझा हात सोडून सरळ त्यांच्यात जाऊन बसली आणि तिने एक शेंग उचलली. बाईंनी तिच्यासाठी जराशी जागा केली, पण काही विचारलं नाही. मला कितीतरी बोलायचं होतं. पण मीही बसले आणि टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न देईपर्यंत शेंगा सोलल्या.

"अल्झिराकडे पाठवली का हो ट्रंक?" उठताना मी विचारलं, तर बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

केतकीला ओढत मी निघाले, आणि उंबऱ्याशी येऊन पुन्हा पाय उचलला. मागून रेजिनाबाई हसल्या. त्यांचं हसणं खोकल्यापर्यंत गेलं.

"ट्रंक गेली गं," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. "मी राहिले."